रेंगाळणारा थेंब

पाटीनं आजही नाही म्हटलं, आणि सारिकाला हायसं वाटलं.

वाटायला नको होतं, हे तिलाही कळत होतं. सख्ख्या भावाला मूत्रपिंड द्यायचंय, द्यायला तुम्ही लायक नाही असं यंत्र सांगतंय, आणि बाईला हायसं वाटतंय. पण वाटलं ते वाटलं. पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, ‘पोटॅशियम जास्त. दाता म्हणून आज अपात्र.’ तीच लाल अक्षरं त्याच क्षणी नाशिकला गिरीशच्या फोनवर गेली, त्याच्या बायकोच्या, आईच्या आणि इस्पितळाच्याही. सारिकानं बोटावरचं रक्त पुसलं आणि रिठ्याच्या घमेल्याकडे वळली. मागे फोन वाजायला लागला. आईचाच असणार. तिनं तो वाजू दिला.

येवल्यात मागावर पैठणी विणणारी घरं पुष्कळ. सारिकाच्या माहेरी मात्र विणण्यापेक्षा धुण्याचं काम मोठं होतं. जुने शालू, आजीच्या पैठण्या, जरीचे शेले लांबलांबून यायचे. रेशमाला साबण चालत नाही, त्याला रिठाच लागतो. रात्री भिजवायचा, सकाळी उठून कुस्करायचा, बिया काढायच्या, उकळून गाळायचा, आणि त्या फेसाळ पाण्यात रेशीम हलक्या हातानं बुडवायचं. लग्नानंतर सारिका गावातच राहिली आणि हेच काम तिच्याकडे आलं. म्हणजे परत आलं. मधली बरीच वर्षं ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती. ती लॅब बंद पडली ती या पाटीमुळेच.

पाटीचं सरकारी नाव ‘गृह-रक्तपरीक्षक’ असं होतं, पण तेवढं म्हणायला वेळ कुणाला आहे? लोक थेंबपाटी म्हणायला लागले, मग नुसतंच पाटी. तळहाताएवढी काच. तिच्यावर पाणी न धरणारा पातळ लेप, त्यामुळे थेंब तिच्यावर पसरत नाही, अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसतो. लेपाखाली बारीक बारीक चौकोन, लाद्यांसारखे एकाला एक लागून, आणि प्रत्येकाला वीज द्यायची वेगळी सोय. थेंब एका चौकोनावर बसलेला असताना शेजारच्या चौकोनाला वीज दिली, की त्या बाजूची थेंबाची कड काचेला धरू लागते. एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं सुटलेलंच आहे, म्हणून अख्खा थेंब तिकडे ओढला जातो. मग ती वीज बंद करायची आणि पुढच्या चौकोनाला द्यायची. असा थेंब एकेक घर पुढे सरकतो. दोन्हीकडून एकदम ओढला तर त्याचे दोन होतात, समोरासमोर आणले तर दोनांचा एक होतो. लॅबमध्ये नळ्या, पंप आणि चार माणसं मिळून जे करायची, ते सगळं एक रक्ताचा थेंब न्याहारीच्या आधी काचेवर फिरून करून घेतो.

पहिल्यांदा पाटी पाहिली तेव्हा सारिकाला ती आवडलीच होती, खोटं कशाला बोला. लाल मणी टुणटुण उड्या मारत निघाला, फुटला, पेशी एका बाजूला राहिल्या, पिवळसर पाणी दुसरीकडे गेलं, त्याचे आणखी थेंब झाले, एक साखर मोजायला, एक क्षार मोजायला. एकच गोष्ट तिला खटकली होती. पाटीला रंग दिसत नाही. ती थेंबाला विजेनंच चाचपते. लॅबमध्ये नळी उजेडात धरून बघायची तिची सवय होती, रक्त कसं दिसतंय ते डोळ्यांना आधी कळायचं. पण ती सवय आता कुणाच्या उपयोगाची राहिली नव्हती.

चार-पाच वर्षांत घरोघरी पाट्या झाल्या. नोकरीला पाटी, विम्याला पाटी. स्थळ सांगून आलं की पत्रिकेच्या आधी मुलीची वर्षभराची पाटी मागायला लागले. नवऱ्यानं बाहेर काय खाल्लं हे बायकोला ऑफिसात बसून कळू लागलं. माणसं बरीच सुधारली आणि बरीच चिडचिडी झाली. आणि अवयव द्यायचा असेल तर नियमच झाला, की दात्याच्या घरच्या पाटीवर महिनाभर सलग ‘पात्र’ असं यायला हवं. एक दिवस जरी लाल आला तरी महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

गिरीशची मूत्रपिंडं गेली दीड वर्षापूर्वी. तसा तो तब्येतीचा किरकोळच, पण असं काही होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर पडून राहायचं आणि उरलेल्या दिवसांत थकून बसायचं, असं त्याचं चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अजून वर्षभर असं निभेल, त्यापुढे भरवसा नाही. त्याच्या बायकोची, ऋतुजाची, साखर काठावर. आईचं वय झालेलं. वडील, अण्णा, तर कधीच गेले. मग उरलं कोण?

आईनं विचारलं होतं, पण तिच्या पद्धतीनं. दुपारी येऊन बसली, चहा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, “सारे, तू देशील ना?”

हा ‘ना’ सारिकाच्या चांगला ओळखीचा होता. तो जन्मापासून तिच्या मागं लागला होता. गिऱ्याला शाळेत सोडशील ना? यंदा कॉलेजचं राहू दे, त्याला इंजिनिअरिंगला घालायचंय, घेशील ना समजून? अण्णांना अर्धांग झाला, तू जवळच आहेस, बघशील ना? सासरी आली तर सासूबाईंच्या तोंडीही तोच. ‘का’ लावून कुणी कधी विचारलंच नाही. ‘देशील का?’ असं विचारलं तर उत्तरासाठी थांबावं लागतं. ‘ना’ लावला की थांबायला नको, उत्तर विचारणाऱ्यानंच घालून आणलेलं असतं. सारिका तेव्हाही म्हणाली, “हो, देईन की.” नवऱ्याला, दिगंबरला, सांगितलं तर तो पेपर खाली करून म्हणाला, तुझं तू बघ. त्यानंही चांगल्या मनानंच म्हटलं, पण विचारलं त्यानंही नाही.

लॅबमध्ये असताना तिनं एक पाहिलं होतं. नाशिकहून एक म्हातारे डॉक्टर लॅबवर यायचे आणि दात्याला एकट्याला खोलीत घ्यायचे. दार लावायचे आणि विचारायचे, मनापासून द्यायचंय का? बहुतेक वेळा समोर कुणाची तरी बायको, आई नाही तर बहीण असायची. ती रडायला लागली की ते बाहेर येऊन घरच्यांना सांगायचे, रक्त जुळत नाही हो. जुळलेलं असायचं. सारिकानंच तपासलेलं असायचं. लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आता पाटीचा निकाल एकाच वेळी सगळ्यांच्या फोनवर पडतो. लावायला दारच उरलेलं नाही.

आणि अशात तिच्या पाटीनं पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. इस्पितळातून फोन आला. आवाजावरून कोवळी मुलगी होती, पण तिनं समजावून नीट सांगितलं. पोटॅशियम वाढतं याचा अर्थ तुमचीच मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला कमी पडत असतील. पथ्य पाळा, विश्रांती घ्या, बघू.

झालं. घरात एकदम सारिकाची तब्येत हा विषय निघाला. ती काय खाते, हे ज्या आईनं कधी बघितलं नव्हतं, ती रोज सकाळी फोन करून विचारू लागली. केळं खाल्लं नाहीस ना, शहाळं प्यायली नाहीस ना. इथेही ‘ना’च, पण हा ऐकायला बरा वाटायचा. दिगंबर स्वतःहून कुकर लावायला लागला. बटाटा घरात येईनासा झाला. सासूबाईंनी दुपारी तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी सांगितलं, झोपलीये ती, उठवू नका. सारिका आत जागीच होती. पंख्याकडे बघत पडली होती आणि तिला रडायला येत होतं, कशाचं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वतीनं कुणीतरी नाही म्हणालं होतं, आणि ते एक यंत्र होतं.

आषाढ संपता संपता दिव्यांची अमावस्या आली. विणणाऱ्या घरांतून अमावस्येला माग बंद असतो. सारिकाच्या माहेरी आदल्या रात्री रिठासुद्धा भिजत घालायचे नाहीत, आणि ती रीत तिनंही धरून ठेवली होती. म्हणून त्या सकाळी तिनं उठून रिठा गाळला नाही. तोंड धुतलं, दिवे घासायला काढले, पाटीवर बोट टोचलं.

थेंब टुणकन उडाला.

ती बघतच राहिली. पहिल्या घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. गोल, ताठ, लाल मणी, अगदी कंपनीच्या माणसानं पहिल्यांदा दाखवला होता तसा. आणि तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस तिचा थेंब असा चालतच नव्हता. बसल्या जागी पसरायचा, मग पाय ओढत निघायचा, प्रत्येक चौकोनावर रेंगाळायचा. तिला वाटायचं पाटी जुनी झालीये. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. ‘पात्र.’

एखादीला कळलं नसतं. पण सारिकानं एका हातानं रिठा केला होता आणि दुसऱ्या हातानं रक्त तपासलं होतं. तिला कळायला कितीसा वेळ लागणार? कोरड्या रेशमावर पाण्याचा थेंब टाका, तो गोल बसून राहतो. त्याला रिठ्याचं बोट लावा, लगेच लोळण घेतो, पसरतो, आत जिरतो. पाण्याच्या अंगचा ताण रिठा मोडतो, म्हणून तर रेशीम धुतलं जातं. तेच बोट टोचून काढलेल्या रक्ताला लागलं, तर त्याचंही तेच होणार. पण नुसतं पसरून भागत नाही. रिठ्यातलं जे फेस आणतं, ते रक्तातल्या लाल पेशींची पापुद्र्यासारखी सालही फोडतं. आणि पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट. पेशी फुटल्या की ते सगळं बाहेर सांडतं. लॅबमध्ये असं सॅम्पल आलं की नुसतं बघून कळायचं, वरचं पाणी पिवळं दिसायच्या ऐवजी लालसर दिसायचं. रक्त फुटलंय म्हणायचं, फेकायचं, पुन्हा घ्यायचं. पाटीला रंग दिसत नाही. ती आपली सांडलेलं मोजत होती आणि बाईची मूत्रपिंडं गेली म्हणून सांगत होती.

हात स्वच्छ असावेत, एवढीच पाटीची अट होती. आता रिठ्यात बुडून आलेल्या हातांपेक्षा स्वच्छ हात येवल्यात दुसऱ्या कुणाचे असणार? पहाटे रिठा गाळायचा, हात पदराला पुसायचे आणि बोट टोचायचं. कामानं बोटांना भेगा पडलेल्या, त्यांत रिठा मुरलेला. म्हणजे सारिकाला काही झालेलं नव्हतं. ती धडधाकट होती. सकाळी साध्या पाण्यानं चांगले हात धुतले, स्पिरिटचा बोळा फिरवला, की महिनाभरात गिरीशचं काम होणार होतं.

फोन वाजला. आई म्हणाली, “आज बरं आलंय गं! पथ्याचा गुण आला. असंच राहील ना?”

सारिका म्हणाली, बघू.

दुसऱ्या सकाळी तिनं रिठा गाळला, हात पदराला पुसले आणि बोट टोचलं. थेंब रेंगाळला. पाटीनं नाही म्हटलं. इस्पितळातली मुलगी म्हणाली, एखादा दिवस चांगला येतो हो, त्यावर जाऊ नका.

त्यानंतरचा श्रावण सारिकानं कसा काढला ते तिलाच माहीत. तिला देवाची भीती वाटायची आणि दुपारची झोपही लागायची, दोन्ही. उद्यापासून हात धुऊ, असं रोज ठरवायची. सकाळ झाली की रिठ्याच्या फेसात मनगटापर्यंत हात घालून बसायची. आपण भावाला मारतोय, असंही वाटायचं. आणि लगेच वाटायचं, मी मारत नाहीये, मी फक्त दमलेय. भावावर राग होता का? मुळीच नाही. गिरीशला तिनं कडेवर घेऊन वाढवला होता. द्यायचं नाही असंही तिनं ठरवलं नव्हतं. ती फक्त त्या ‘नाही’च्या सावलीत बसली होती, आणि तिथून उठवत नव्हतं.

पोळ्याची अमावस्या आली. रिठा नाही. थेंब पळाला, अक्षरं हिरवी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

मग ऋतुजाचा फोन आला. मुलाच्या शाळेत जायचंय, ताई, उद्या ह्यांच्याबरोबर डायलिसिसला बसाल ना? सारिका सकाळच्या गाडीनं नाशिकला गेली.

गिरीश खाटेवर पडून होता. चेहरा सुजलेला, रंग मातकट. हातातल्या नळीतून रक्त बाहेर जात होतं, यंत्रात फिरून परत येत होतं. तो हसला आणि म्हणाला, “ये ताई, बस. माझं पण धुणंच चाललंय.” तिला तेही सहन होईना. बाजूच्या खाटेवरचे आजोबा झोपले होते, नर्स लांब होती. सारिकानं खुर्ची जवळ ओढली. गाडीत बसून पाठ केलेलं सगळं विसरून गेली आणि एकदम म्हणाली,

“गिऱ्या, पाटी खोटं बोलतेय. मला काही झालेलं नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

तिला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली, रिठा, भेगा, फुटलेल्या पेशी. त्यानं मोकळ्या हातानं तिला थांबवलं आणि फोन काढून तिचा आलेख समोर धरला. लाल, लाल, लाल, मध्येच एक हिरवा ठिपका. मग पुन्हा लालांची रांग, आणि पुन्हा एक हिरवा.

“हा दिव्यांच्या अमावस्येचा, हा पोळ्याचा. अमावस्येला बाईचं रक्त सुधारतं, हे कुठल्या डॉक्टरच्या डोक्यात येणार? पण मी काही दुसऱ्या घरात वाढलो नाही, ताई. अमावस्येला आपल्याकडे रिठा भिजत नाही. बाकीचं जरा वाचून काढलं.”

“कधी कळलं तुला?”

“पोळ्यालाच. पहिल्या वेळी शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

गिरीशनं फोन बाजूला ठेवला. “बोललो असतो तर तू हात धुऊन आली असतीस. तुला नाही म्हणता येत नाही. पाटीला येतं. म्हटलं, येऊ दे.”

सारिकाला आधी गहिवरून आलं. हा इथे असा सुजून पडलाय, पोळ्यापासून सगळं जाणतोय, आणि मला दुपारची झोप मिळावी म्हणून गप्प बसलाय. मग त्याच्या मागोमाग राग आला, इतका की तिलाच नवल वाटलं. इतके दिवस ती स्वतःला चोर समजत होती, आणि हा शहाणा तिच्या वतीनं ठरवून मोकळा झाला होता. आईनं द्यायचं ठरवलं, यानं न द्यायचं ठरवलं. माया दोघांचीही होती. पण तिला विचारलं होतं कुणी?

“म्हणजे तूसुद्धा विचारलं नाहीसच,” ती म्हणाली.

“काय विचारणार, ताई? कुठल्या तोंडानं विचारू?”

“ह्याच. मला माझं उत्तर माहीत नाहीये, गिऱ्या. मला कधी कुणी विचारलंच नाही, तर माहीत कुठून असणार? इतके दिवस मी ते शोधतेय. तू विचार. आणि ‘ना’ लावू नकोस.”

मरणाच्या गोष्टी रोज करणारा माणूस, पण एवढं विचारायला गिरीशची जीभ वळेना. यंत्र आपलं फिरत होतं. शेवटी भिंतीकडे बघत, अगदी हळू, तो म्हणाला,

“ताई, मला तुझं मूत्रपिंड देशील का?”

आणि तो थांबला. हेच तिला हवं होतं. तो खरोखरच थांबला होता, आणि ‘नाही’ आलं असतं तरी त्यानं ते घेतलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सारिकानं घाई केली नाही. आत शोधलं. तिला वाटलं होतं तिथे ‘नाही’ सापडेल. तिथे थकवा होता, भरपूर होता. त्याच्याखाली हा होता, शेंबडा, तिच्या कडेवर बसून रिठ्याचे फुगे फुंकणारा.

“देईन,” ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. तिनं त्याच्या पांघरुणाची कड सारखी केली आणि खुर्चीत मागे रेलली.

“पण दिवाळीनंतर. डॉक्टर वर्षभर म्हणालेत, तेवढं तुला निभेल. लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला रिठा बंदच असतो, त्या दिवसापासून पुन्हा भिजत घालणार नाही. महिनाभर हिरवं येईल, मग न्या मला आत. पण तोपर्यंत तू घरी एक अक्षर बोलायचं नाहीस, आईजवळ तर नाहीच.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत मी रोज सकाळी रिठा गाळणार आणि तसंच बोट टोचणार,” सारिका म्हणाली. “पाटीला म्हणू दे नाही. मला अजून थोडे दिवस ऐकायचंय.”